पोळी त्यांची, टाळी किती वाजवायची?

प्रश्न : माझा मुलगा २० वर्षांचा आहे. मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळात चार वर्षं मुरलाय, बारावी झाल्यावर पूर्णवेळ हेच करतो. त्याच्या क्लबने १४ पानी इंग्रजी करार दिलाय. संघ पात्र ठरला तर रियाधच्या मोठ्या स्पर्धेला जायचं असं त्यात आहे. आमचे हे खूश आहेत, म्हणतात खेळात राजकारण आणू नका. थोरली मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणते, सौदी सरकारला स्वतःची प्रतिमा धुऊन घ्यायची आहे आणि साबण म्हणून हा चाललाय. आठ दिवस भावंडं एकमेकांशी बोलत नाहीत. तिचं खरं आहे का? त्याने जावं का? आणि सहीआधी काय बघायचं?
— एक आई, नाशिक

ताई,

थोरली म्हणते ते बरंचसं खरं आहे. फक्त साबण म्हणून तिने भावाला धरलंय, तिथे जरा थांबायला हवं. तो तिथे जाऊन खेळला एवढ्याने साबण होत नाही. काही विशिष्ट गोष्टी केल्या तर होतो, आणि त्या गोष्टी त्या १४ पानांत लिहिलेल्या असणार. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नालाच सगळ्यात जास्त जागा देतो आहोत.

आधी तिथे चालतं काय ते. रियाधमध्ये २०२२ आणि २०२३ च्या उन्हाळ्यात 'गेमर्स८' नावाचा मेळा झाला. २०२४ पासून त्याचाच 'ईस्पोर्ट्स वर्ल्ड कप' झाला. ईस्पोर्ट्स म्हणजे मोबाइल-संगणकावरच्या खेळांच्या स्पर्धा. पहिल्या वर्षी एकूण बक्षिसं ६ कोटी डॉलरच्या वर होती, २०२५ मध्ये ७ कोटींच्या वर. मोबाइल नेमबाजीतला पबजी मोबाइल वर्ल्ड कप दोन्ही वर्षी याच मेळ्यात झाला : २४ संघ, ३० लाख डॉलर. यामागे सौदीचा सरकारी गुंतवणूक निधी आहे, पीआयएफ. त्याचे अध्यक्ष खुद्द युवराज मोहम्मद बिन सलमान. पीआयएफच्या सॅव्ही गेम्स या कंपनीने २०२२ मध्ये ईएसएल आणि फेसइट हे दोन बडे स्पर्धा-आयोजक मिळून दीड अब्ज डॉलरला घेतले, पुढच्या वर्षी स्कोपली ही गेम कंपनी ४.९ अब्जांना. म्हणजे स्पर्धा त्यांच्या, आयोजक त्यांचे, आणि आता काही खेळही त्यांचे.

हा खर्च कशासाठी? ऑक्टोबर २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत पत्रकार जमाल खशोगींची हत्या झाली. मार्च २०२२ मध्ये एका दिवसात ८१ जणांना देहदंड दिला गेला. जगात देशाचं नाव निघालं की हेच आठवत होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये फॉक्स न्यूजच्या मुलाखतीत युवराजांना स्पोर्ट्सवॉशिंगबद्दल, म्हणजे खेळातून प्रतिमा धुऊन घेण्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. त्याने देशाचं उत्पन्न एक टक्का वाढत असेल तर मी ते करत राहीन, अशा अर्थाचं उत्तर दिलं. यजमानच कबूल करतोय म्हटल्यावर तुमच्या ह्यांच्या 'राजकारण आणू नका'ला फारसा अर्थ उरत नाही. ते आधीच आणलेलं आहे.

पण थोरलीला हेही सांगा, की हे नुसतं बाहेरच्यांना दाखवायला नाही. २०२२ च्या जनगणनेनुसार सौदी नागरिकांपैकी ६३ टक्के तिशीच्या आतले आहेत. सिनेमागृहं तिथे २०१८ मध्ये पुन्हा उघडली, साडेतीन दशकांनी. तेल कायम पुरणार नाही, तरुणांना करमणूक हवी, नोकऱ्या हव्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय गेमिंग धोरणात २०३० पर्यंत ३९ हजार रोजगारांचं उद्दिष्ट आहे. प्रतिमा, पैसा आणि घरची पोरं, तिन्ही हिशेब एकाच वहीत मांडलेत. एकाच हिशेबावर बोट ठेवून भांडलं तर समोरचा दुसरं पान उलटून दाखवतो. तुमच्याकडे आठ दिवस हेच चाललं असणार.

आता मुद्द्याचं. प्रतिमा बदलायला कुणाचं मन वळवावं लागत नाही, नुसती सवय लावावी लागते. ब्राझीलमधला सतरा वर्षांचा पोरगा रात्री सामना लावतो. सामन्याआधी त्याचा लाडका खेळाडू कॅमेऱ्यात बघून पंधरा सेकंद म्हणतो, "रियाधमध्ये खेळायला भारी वाटतंय, इथले लोक फार प्रेमळ आहेत." लोक प्रेमळ असतीलही, खेळाडू खोटं बोलत नाही. पण असे पंधरा सेकंद शेकडो तोंडांतून सात आठवडे ऐकले, की रियाध म्हटल्यावर त्या पोराला ट्रॉफी आठवते, वकिलात आठवत नाही. सरकारला हवे असतात ते हे पंधरा सेकंद. बंदूक कोण छान चालवतो याच्याशी सरकारला देणंघेणं नाही.

आणि हे पंधरा सेकंद कोण मागतं? बहुतेक वेळा सरकार नाही, क्लबच. ईस्पोर्ट्समध्ये बरेच क्लब तोट्यात असतात. पगार, बूटकॅम्प म्हणजे सराव शिबिरं, तिकिटं यांचा खर्च प्रायोजकांतून भागत नाही. ही नस रियाधने ओळखली. क्लबांसाठी मदत योजना काढली : २०२४ मध्ये ३० क्लब, २०२५ मध्ये ४० क्लब आणि २ कोटी डॉलर. या दुसऱ्या यादीत आपल्याकडचा एसएट्यूएल होता. नुसतं सहभागी होऊन या योजनेतला सगळा पैसा मिळत नाही. क्लबने स्पर्धेकडे किती प्रेक्षक आणले, चाहत्यांत किती गाजवली, यावरही तो ठरतो. याशिवाय सगळ्या खेळांतले गुण एकत्र करून क्लबांची वेगळी क्रमवारी लागते. पहिल्या क्लबला ७० लाख डॉलर मिळतात. दोन्ही वर्षी सौदीचाच टीम फाल्कन्स पहिला आला.

'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' हे आपल्याकडे म्हण म्हणून चालतं. इथे ती पैसे मिळण्याची अट आहे. क्लबला टाळ्यांचा हिशेब द्यायचा असतो, म्हणून तो टाळ्या खेळाडूच्या करारात लिहितो. क्लबच्या मॅनेजरला सरळ विचारा : "तुम्ही त्या योजनेत आहात का? असाल तर आमच्या मुलाच्या नावावर किती पोस्ट, किती व्हिडिओ धरलेत?" आकडा सांगायला टाळाटाळ झाली, तर आकडा मोठा आहे असं समजा.

करार उघडून पुढच्या जागा शोधा. लेकीला सोबत बसवा. कायद्याच्या शेवटच्या वर्षाची मुलगी घरात असताना तिला नुसतं भांडायला ठेवू नका.

सगळ्यात आधी व्याख्यांचं पान, बहुतेक दुसरं किंवा तिसरं. त्यात 'पार्टनर' आणि 'अफिलिएट' म्हणजे कोण हे वाचा. इथेच मेख असते. आठव्या-नवव्या पानावर कुठेतरी एक कलम येतं, इंग्रजीत त्याला नॉन-डिस्परेजमेंट म्हणतात : खेळाडूने क्लब, आयोजक, पार्टनर आणि त्यांच्या संलग्न संस्थांची बदनामी होईल असं काही बोलू नये. वाचायला साधं वाटतं. पण आयोजकाची संलग्न संस्था कोण, तर सॅव्ही. सॅव्ही कुणाची, तर पीआयएफची. आणि पीआयएफ म्हणजे सरकार. पीआयएफकडे न्यूकॅसल युनायटेड हा फुटबॉल क्लब आहे, आणि २०२० मध्ये ११,३६७ कोटी रुपये देऊन घेतलेला जिओ प्लॅटफॉर्म्सचा २.३२ टक्के हिस्साही आहे. व्याख्या सैल सोडली तर पोराने उद्या नाशिकमध्ये बसून जिओच्या रेंजबद्दल चिडून लिहिलं, तरी कुणी करार दाखवू शकेल. गंमत वाटेल, पण सैल व्याख्या अशीच धावते.

मागायचं ते हे : मनाई फक्त क्लब आणि ती स्पर्धा यांच्यापुरती. कुठलंही सरकार, सरकारी निधी किंवा देश 'पार्टनर'मध्ये मोडत नाही असं एक स्पष्ट वाक्य. खरी, पडताळता येणारी माहिती सांगणं म्हणजे बदनामी नव्हे, असं दुसरं. आणि करार संपला की मनाईही संपली. 'त्यानंतरही लागू राहील' अशा कलमांची यादी शेवटच्या पानांत असते. तिथे हे कलम हळूच बसवलेलं आहे का, बघा.

मग प्रसिद्धीचं कलम. 'खेळाडू वाजवी प्रसिद्धी कार्यात भाग घेईल' असं असेल तर 'वाजवी' खोडून आकडा लिहून घ्या. उदाहरणार्थ, संपूर्ण स्पर्धेत ४ पोस्ट, २ मुलाखती, एक छायाचित्रणाचा दिवस, त्याचे जास्तीत जास्त ६ तास. आकड्याहून महत्त्वाचा आहे विषय : सामना, संघ, डावपेच, चाहते. शहर, पर्यटन, देश, राज्यकर्ते, सरकारी प्रकल्प यांत नाहीत. लिहून दिलेला मजकूर त्याच्या नावाने टाकायचा असेल तर आधी त्याची संमती, आणि नाकारल्यास दंड नाही. क्लब कुरकुरतो तो इथे. तेव्हा सांगा, की सामन्याबद्दल तो हवं तेवढं बोलेल. बोलायला त्याची ना नाही, विषय ठरवून द्यायला आहे.

खेळाडू आणि राजदूत यांतला फरक हाच. २०२५ मध्ये तिथे बुद्धिबळही होतं. अर्जुन एरिगैसी आणि निहाल सरीन खेळायला गेले, अर्जुन चौथा आला. त्याच स्पर्धेत मॅग्नस कार्लसन खेळला, जिंकला, आणि बुद्धिबळाचा राजदूतही होता. क्रिस्तियानो रोनाल्डो एकही सामना न खेळता संपूर्ण मेळ्याचा राजदूत होता. काहींनी कौशल्य नेलं, काहींनी चेहरा भाड्याने दिला, काहींनी दोन्ही. तुमच्या पोराला यातलं नेमकं काय द्यायचं आहे, ते त्याने स्वतः ठरवावं. फक्त नकळत दुसरं दिलं जाऊ नये.

चेहऱ्यावरून आठवलं : छबी आणि आवाजाच्या हक्कांपुढे 'इन परपेच्युइटी' असेल तर त्याचा अर्थ कायमचं. स्पर्धा संपल्यावर १२ महिने पुरे आहेत. संगणकाने त्याचा चेहरा किंवा आवाज नव्याने बनवून वापरायला मनाई, हे हल्ली वेगळं लिहून घ्यावं लागतं. नाहीतर त्याने कधी न उच्चारलेले पंधरा सेकंदही तयार होऊ शकतात.

पैशाचं कलम घरचे सगळ्यात आधी वाचतात आणि तरी चुकतात, कारण टक्केवारी बघतात, वाट बघत नाहीत. बक्षीस आयोजकाकडून क्लबकडे येतं, क्लबकडून खेळाडूकडे. समजा संघाने १ लाख डॉलर जिंकले आणि क्लबचा वाटा २० टक्के आहे. उरले ८० हजार. चार खेळाडू, एक राखीव आणि प्रशिक्षक असे सहा वाटे केले तर प्रत्येकी साधारण १३,३०० डॉलर. पण क्लबने २० टक्के आधी काढले की तिकिटं, बूटकॅम्प 'खर्च' म्हणून वजा करून मग काढले, यावर ही रक्कम हलते. लिहून घ्या : खर्च क्लबच्या वाट्यातून, आयोजकाकडून रक्कम आल्यापासून ३० दिवसांत वाटप, आणि रक्कम आल्याची पावती खेळाडूला दाखवणं बंधनकारक. 'आयोजकाचे पैसे अजून आले नाहीत' हे वाक्य महिनोन्‌महिने चालतं, पावतीची अट असली की चालत नाही. क्लबांच्या क्रमवारीतून आणि मदत योजनेतून आलेला पैसा सहसा खेळाडूंत वाटला जात नाही. मुलाच्या पोस्टवर तो मिळणार असेल तर त्यात वाटा मागायला लाजू नका.

कराबाबत एवढंच : भारतात राहणाऱ्याला बाहेरची कमाईही इथे दाखवावी लागते. तिकडे काही कापलं गेलं तर कपातीचा दाखला आणि बँकेकडून परदेशी रक्कम जमा झाल्याचा कागद मागून ठेवा. सीएला सहीआधी भेटा, मार्चमध्ये नको.

आणखी एक कलम घालून घ्या, बहुतेक करारांत ते नसतं : विशिष्ट देशात खेळायला नकार देण्याचा हक्क. स्पर्धेआधी ४५ किंवा ६० दिवसांची लेखी सूचना, त्या स्पर्धेचं मानधन नाही, पण करार रद्द नाही आणि दंडही नाही. आज त्याला जायचं असेल, उद्या मन बदलू शकतं. वादाचं न्यायक्षेत्र नाशिक, पुणे किंवा मुंबई असू द्या. परदेशातला लवाद लिहिला असेल तर भांडायचा खर्चच बक्षिसापेक्षा जास्त होईल.

जाण्याच्या बाजूने निर्णय झाला तर तिथलं वागणं वेगळं शिकून जावं लागेल. सौदीचा सायबर गुन्हे कायदा २००७ चा. सार्वजनिक सुव्यवस्था, धर्म, नीतिमूल्यं यांना बाधा येईल असा मजकूर बनवणं किंवा पाठवणं यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आणि ३० लाख रियालपर्यंत दंड. लीड्समध्ये पीएचडी करणारी सलमा अल-शेहाब सुट्टीवर मायदेशी गेली असताना पकडली गेली. ट्वीट्सवरून २०२२ मध्ये ३४ वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे कमी होत गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती सुटली. ती सौदी नागरिक होती. पाहुण्या खेळाडूशी असं वागण्यात त्यांचा फायदा नाही, उलट सगळी मेहनत वाया जाईल. पण कायदा पाहुण्यालाही लागू आहे. तुमचा मुलगा थेट प्रक्षेपण करत असेल तर खरा धोका त्याच्या तोंडाला नाही, चॅटला आहे. कुणीतरी मुद्दाम छेडणार, 'राजाबद्दल बोल ना भाई', आणि तो सवयीने हसून काहीतरी उत्तर देणार. तिथून थेट प्रक्षेपण करूच नये. करारात असेल तर चॅटवर नजर ठेवायला इथे बसलेला मॉडरेटर आणि काही मिनिटांचा विलंब ठेवावा. थोरलीलाही सांगा, तो तिथे असताना त्याला टॅग करून काही लिहू नको.

पासपोर्ट त्याच्या खिशात, क्लब मॅनेजरच्या फाइलमध्ये नाही. परतीचं तिकीट त्याच्याच ईमेलवर. व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे हे बघा, म्हणजे खेळाचा म्हणून सांगून नोकरीचा निघायला नको. दहावी न झालेला कुणी संघात असेल तर त्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असं असेल, आणि सौदीला नोकरीच्या व्हिसावर जाताना त्याला वेगळी परवानगी लागते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, एकाग्रतेच्या गोळ्या तिथे नियंत्रित किंवा बंद आहेत. चिठ्ठी असली तरी आधी परवानगी घ्यावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ४३-४५ अंश आणि आत एसीचा गारठा असतो, त्याने बोटं आखडतात. पातळ हातमोजे द्या.

आता 'जावं का'. त्याने नाही म्हटलं तर काय जाईल, हेही मोजा. वर्षअखेरची पबजी मोबाइलची जागतिक स्पर्धा वेगळी असते. २०२४ ची लंडनला झाली, २०२५ ची बँकॉकला. म्हणजे रियाध सोडलं की कारकीर्द बुडाली असं नाही. पण करारात नकाराची सोय नसेल तर संघातली जागा जाऊ शकते, आणि एकट्या वीस वर्षांच्या मुलाच्या नकाराने रियाधला काही फरक पडणार नाही. नकाराने फरक पडलाय तो बदली मिळायला अवघड असलेली माणसं एकत्र उठली तेव्हा. जुलै २०२० मध्ये लीग ऑफ लीजेंड्स या संगणक खेळाच्या युरोपातल्या लीगने सौदीच्या निओम प्रकल्पाशी करार जाहीर केला. लीगचेच समालोचक उघडपणे विरोधात गेले, आणि एका दिवसात करार मोडला. मे २०२५ मध्ये जिओगेसर या खेळाचे नकाशे बनवणाऱ्या हौशी लोकांनी आपले नकाशे बंद केले, तशी कंपनीने रियाधच्या मेळ्यातून माघार घेतली. ऑलिंपिक समितीने तर सौदीशी १२ वर्षांचा ईस्पोर्ट्स करार केला होता, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये दोघांनी मिळून गुंडाळला, एकही स्पर्धा न होता. तेव्हा थोरलीला खरंच काही करायचं असेल तर तिने भावाऐवजी खेळाडूंची संघटना, समालोचक, प्रेक्षक यांच्याशी बोलावं. धाकट्याला गुन्हेगार ठरवून तिथे काही हलणार नाही.

आमचं मत विचाराल तर : वरचं प्रसिद्धीचं आणि बदनामीचं कलम बदलून मिळत असेल तर जाऊ द्या. ही दोन्ही जशीच्या तशी ठेवायचा क्लबचा हट्ट असेल तर सही करू नये, मग स्पर्धा रियाधची असो की बालेवाडीची. सही त्याची आहे, तुमची नाही. वीस वर्षांचा आहे तो. तुम्ही फक्त १४ पानं, एक पेन्सिल आणि दोन्ही मुलं एका टेबलाशी आणा. बदल हवेत ते ईमेलने कळवा, फोनवर 'हो हो, करू' असं म्हणतात ते धरू नका. क्लबने उत्तराला दोनच दिवस दिले असतील तर दहा मागा.

आणि बॅगेत फराळ भरणार असाल तर चकली, चिवडा, लाडू काहीही द्या, फक्त खसखस घातलेलं नको. म्हणजे अनारसे नकोतच. खसखस सौदीत अमली पदार्थांत मोडते, चिमूटभर सापडली तरी विमानतळावर अडवतात.